ठिणगीराखा

मुलाचं नाव संग्राम ठेवताना इस्लामपूरच्या मोहित्यांना काय ठाऊक, की हा पुढे परदेशात जाऊन बसण्याचा पगार घेणार आहे! पण झालं ते तसंच. अबुधाबीच्या पार पश्चिम टोकाला, जिथे समुद्र, वाळू आणि रिफायनरीच्या चिमण्या यांखेरीज चौथी गोष्ट नजरेला पडत नाही, त्या रुवैसमध्ये संग्रामराव ‘फायर वॉच’ म्हणून लागले. वेल्डरने वेल्डिंग करायचं आणि यांनी शेजारी पाण्याची बादली घेऊन ठिणग्यांवर नजर ठेवायची. पडली कुठे की विझवायची. वेल्डिंग थांबलं, वेल्डर हात पुसून निघून गेला, तरी यांनी उठायचं नाही. आणखी अर्धा तास तिथेच बसायचं, असा नियम. कारण ठिणगी जात्याच लबाड. चिंधीत, फटीत, लाकडाच्या भुशात दडून बसते आणि माणसं पांगली की डोकं वर काढते.

पुढे संग्रामराव शिकले, परीक्षा दिल्या, सेफ्टी ऑफिसर झाले. बायको उर्मिला आणि लेक शर्वाणी यांना बर दुबईत, मीना बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन ठेवलं आणि स्वतः रुवैसलाच राहिले. शर्वाणीच्या लहानपणी बाबा म्हणजे गुरुवारी रात्री येणारा आणि शुक्रवारी संध्याकाळी जाणारा एक मिशाळ गृहस्थ होता. तो आला की चिकन होई आणि तो गेला की अभ्यास. शेवटची काही वर्षं त्यांची बदली दुबईत झाली, पण तोवर पोरगी कॉलेजात गेली होती आणि खोलीचं दार लावून घ्यायला शिकली होती.

या डिसेंबरात त्यांना साठ पूर्ण झाली. कंपनीने केक कापला, व्हिसा कॅन्सल केला. दहा फेब्रुवारीचं विमान ठरलं. उर्मिलाबाई कार्गोची खोकी भरू लागल्या. त्यांनी इथून सहा जाड ब्लँकेटं नेली नसती तर इस्लामपुरात जणू माणसं थंडीने गारठून मरणार होती. शर्वाणी मात्र इथेच राहणार होती. ती पंचविशीला टेकली होती, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करत होती, तिचा व्हिसा तिचा होता. बोलायची अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आणि फार रागावली तर हिंदीत.

जानेवारीतली एक शनिवारची सकाळ. खाडीवरून धुकं वर आलं होतं आणि खिडकीबाहेरची दुबई कोणीतरी खोडरबराने पुसल्यासारखी दिसत होती. संग्रामराव चहाचा कप घेऊन रिकाम्या भिंतीकडे बघत बसले होते. तेवढ्यात शर्वाणीच्या खोलीतून आवाज आला. टक! लाकडावर लाकूड आपटल्याचा. मग एका म्हाताऱ्या चिनी माणसाचा घोळवून घोळवून बोलणारा स्वर. मग पुन्हा, टक!

संग्रामरावांच्या हातातला चहा सांडला. त्यांनी दार न वाजवताच आत पाऊल टाकलं.

शर्वाणी गादीवर मांडी घालून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घेऊन बसली होती. समोरच्या पडद्यावर कोरडं पडलेलं नदीचं पात्र होतं. पांढरे गोटे, मधूनच उलटी पडलेली होडी. पात्रातून निळ्या झग्यातला एक बारकासा माणूस चालला होता, पाठीवर दप्तर आणि मागोमाग एक बगळा. बगळ्याच्या डोक्यावर काळी टोपी होती.

“हा बगळा आधी जज होता ना?” संग्रामराव म्हणाले. “पैसे खाऊन खोटा निवाडा दिला, म्हणून त्याचा पक्षी झाला.”

शर्वाणीने मान वळवली. “बाबा! हाऊ डू यू नो दॅट? ते अजून रिव्हील पण नाही झालंय!”

“आणि हा कारकून. याच्या गावची नदी एका रात्रीत निघून गेली. राजाने याला हुकूम दिला, की जा, नदी शोधून आण.”

“येस, बट हाऊ...”

संग्रामराव तिच्या गादीच्या कडेला बसले. “मला हे मेंगने सांगितलंय,” ते म्हणाले. “तू जन्मायच्या आधी.”

मेंग चिनी वेल्डर होता. बुटका, हसरा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्याच्या हातची वेल्डची शिवण पाहायला इंजिनियर मुद्दाम येत. तो आणि संग्रामराव एकाच पाइपलाइनवर होते. पहिले काही दिवस दोघे एकमेकांकडे बघून नुसते हसले. भाषा नाही तर माणूस आणखी काय करणार? मग एका संध्याकाळी काम संपलं, नियमाप्रमाणे संग्रामरावांचा बसायचा अर्धा तास सुरू झाला, आणि मेंग गेलाच नाही. पाचची बस त्याला सहज मिळाली असती. तो खाली बसला, वेल्डरच्या पांढऱ्या खडूने समोरच्या पोलादी पत्र्यावर त्याने एक वाकडी रेघ ओढली, आणि म्हणाला, “रिव्हर.” मग तळहाताने ती पुसून टाकली. “रिव्हर गो. नो रिव्हर.”

ते चित्र पाहून संग्रामरावांच्या अंगावर काटा आला होता. वाळवंटात बसलेल्या माणसाला नदी पुसलेली बघवत नाही.

तिथून ते सुरू झालं. रोज अर्धा तास. चार शब्द इंग्रजी, दोन शब्द हिंदी, मधूनच अरबी ‘यल्ला’ आणि बाकी सगळा खडू. मेंगचा आजा म्हणे चहाच्या दुकानात, टेबलावर लाकडाचा ठोकळा आपटत, ही गोष्ट सांगायचा. त्याच्या आधी आणखी कोणी. मूळ पुस्तक शेकडो वर्षांपूर्वीचं. गोष्ट ऐन रंगात आली, कारकुनाच्या गळ्याशी सुरी आली, की मेंग वेल्डवरचा मळ काढायची हातोडी पत्र्यावर हाणायचा. टण्ण! “टुमारो,” म्हणायचा आणि उठायचा. पावणेसहाच्या बसमध्ये संग्रामराव त्याच्याशेजारी बसून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत. मागे सूर्य समुद्रात उतरत असे, चिमणीची ज्योत लवत असे, आणि त्यांना खिडकीबाहेर वाळूऐवजी ते कोरडं पात्र दिसे, त्यातून चाललेला तो निळा माणूस.

“अँड देन?” शर्वाणीने विचारलं.

“मग काय! गोष्ट अर्धी राहिली. शेवट सांगायच्या आधीच त्याने बंद केली.” संग्रामरावांनी मिशीवरून हात फिरवला. “मी किती ठिकाणी विचारलं. ड्रॅगन मार्टमध्ये एका चिनी दुकानदार बाईला अर्धा तास हातवारे करून सगळी गोष्ट सांगितली. तिने मला मॉप विकला.”

शर्वाणी हसली. वडिलांच्या विनोदाला ती बऱ्याच महिन्यांनी हसली असावी. तिने गादीवर सरकून जागा केली.

आणि मग पुढचे तीन आठवडे मोहित्यांच्या घरात एक अजब प्रकार चालला. शर्वाणी सहाला ऑफिसातून आली, की साठ वर्षांचे निवृत्त सेफ्टी ऑफिसर चहाचे दोन कप घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी हजर. खोकी अर्धवट भरलेली, उर्मिलाबाई एकट्या टेप चिकटवताहेत, आणि आत बापलेक नदी शोधताहेत. “दहा तारखेला विमान आहे, याची कोणाला आठवण आहे का या घरात?” असं त्या भिंतीला विचारत. भिंत गप्प राही.

संग्रामरावांना एकच धास्ती होती. दहा तारखेच्या आत शेवट यायला हवा. पंचवीस वर्षं तो निळा माणूस त्यांच्या डोक्यात एका बंद दारापाशी उभा होता. एकदा इस्लामपूरला गेलं, की कसला गेम आणि कसलं काय. तिथे गेल्यावर चौकातल्या माणसांत बसायचं, कोणाला आपण धड ओळखणार नाही आणि कोणी आपल्याला. निदान ही एक गोष्ट तरी इथे पुरी करून जाऊ, असं त्यांना फार वाटत होतं.

गेम बघण्यासारखाच होता. दर अध्यायाच्या आधी दोन ओळींची कविता उलगडे, शेवटी लाकूड आपटून अध्याय बंद होई. डोंगर शाईने रंगवल्यासारखे होते, कारकून लांब गेला की ओल्या कागदावर विरघळावेत तसे विरघळत. ढगात स्वर्गाची कचेरी होती आणि तिथेही फाईल पुढे सरकत नव्हती. ते बघून संग्रामरावांना व्हिसा ऑफिसची आठवण झाली. एकदा शर्वाणीने आग्रहाने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. कारकून भिंतीला नाक लावून दहा मिनिटं जागच्या जागी चालत राहिला.

पण पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक असे. “आता छत्र्या दुरुस्त करणारी म्हातारी येईल बघ. ती पाऊस घडी घालून ट्रंकेत ठेवते.” आणि ती येई. फक्त गेममध्ये ती ट्रंक उघडून अंगावर धावून आली, विजा फेकू लागली, आणि शर्वाणीला तिच्याशी दोन संध्याकाळी लढावं लागलं.

“हे चूक आहे!” संग्रामराव भडकले. “मेंगची म्हातारी असली नव्हती. तिने कारकुनाला भात वाढला. तिचा मुलगा पुरात गेला होता, म्हणून ती पाऊस जपून वापरायची.”

शर्वाणीने फोनवर शोधलं. “बाबा, मूळ पुस्तकात ती फक्त दोन ओळींत आहे. दोनच! ना लढाई, ना मुलगा. दॅट्स व्हॉट दे डू. गेमवाले पुस्तकातल्या अशा दोन-दोन ओळी शोधतात, आणि तिथून आख्खी माणसं उभी करतात. ओल्ड टीहाऊस स्टोरीटेलर्स पण तेच करायचे, असं लिहिलंय इथे.”

“म्हणजे मेंगने मुलगा पदरचा घातला?”

“लूक्स लाइक इट.”

संग्रामरावांना ते मुळीच पटलं नाही. मेंगसारखा सरळ माणूस पदरचं कशाला घालेल? ते त्या दिवशी जरा घुश्शातच उठले. पण रात्री जेवताना त्यांच्याही मनात आलं, की पूर म्हणताना मेंगने खडू जरा जास्तच दाबला होता.

दिवस सरत गेले. एखाद्या संध्याकाळी दोघे काही न बोलता नुसते चालत. कारकून, बगळा आणि वाट. बाहेर देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास येई, मशिदीतून अजान होई, आणि पडद्यावर बर्फ पडे. आपण नेमके कुठे आहोत हे संग्रामरावांना मधूनच कळेनासं होई, आणि कळलं नाही तरी चालेल असंही वाटे. शेजारी पोर बसलेली होती. तिच्या कोपराचा धक्का लागत होता. हे एवढं आधी का केलं नाही, असा विचार आला, की ते लगेच कारकुनाकडे बघू लागत.

सहा फेब्रुवारीला, सुट्टीच्या दुपारी, नदी सापडली. ती एका दूरच्या खेड्यात बाई होऊन राहिली होती. लग्न केलं होतं, पोरं झाली होती. ती कारकुनाला म्हणाली, धाकटं अंगावर पितंय, ते मोठं होऊ दे, मग येते. कारकून बिचारा थांबला. तेरा वर्षं थांबला, गावातल्या पोरांना अक्षरं शिकवली. मग नदी उठली, पदर खोचला आणि त्याच्यामागे चालू लागली, आणि चालता चालता पुन्हा पाणी झाली. कारकून गावी पोचला तेव्हा त्याचे केस पांढरे होते. नदीच्या स्वागताला सारा गाव लोटला, पण याला कोणी ओळखलं नाही. तो काठावर बसला, जोडे काढले आणि त्याने पाय धुतले.

टक!

संगीत सुरू झालं. पडद्यावर खालून वर नावं सरकू लागली, शेकडो चिनी नावं.

“फार छान,” संग्रामराव डोळे पुसत म्हणाले. “हं, आता पुढचं लाव.”

“पुढचं? बाबा, इट्स ओव्हर.”

“अगं, ओव्हर कसं? ही तर अर्धी गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी त्याला नवा हुकूम येतो ना! ठिणगीचा!”

“कसली ठिणगी?”

“ठिणगी न्यायची असते! मिठाच्या मैदानातून. आणि ठिणगीराखा? तो कुठे आहे? तो तर अजून आलाच नाही!”

शर्वाणीने गेम बघितला. मग पुस्तकाबद्दल चार ठिकाणी वाचलं. शेवटी फोन खाली ठेवून ती हळूच म्हणाली, “बाबा, चाळीसच अध्याय आहेत. लास्ट चॅप्टरमध्ये तो पाय धुतो. देअर इज नो स्पार्क. कुठेच नाही.”

संग्रामराव तिच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो शेवट जगात कुठेच नव्हता. ना पुस्तकात, ना गेममध्ये. “खोटं आहे,” ते म्हणाले, आणि उठून जोडे घालू लागले.

उर्मिलाबाईंना खाडीपलीकडून, देराच्या मसालेबाजारातून, केशर आणि वेलदोडे आणायचेच होते. संध्याकाळ होत आली होती. त्यांनी पिशवी घेतली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता चपला घातल्या. शर्वाणीही निघाली. तिघे धक्क्यावर येऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या लाकडी होडीत, बसले. लाकडी फळीवर, पाण्याकडे तोंड करून, शर्वाणी मध्ये. इंजिन धडधडलं. पाणी सोनेरी होऊन हलत होतं, समुद्रपक्षी डोक्यावर तरंगत होते, आणि दोन्ही काठांवरचे दिवे एकेक करून लागत होते.

“सांग,” शर्वाणी म्हणाली. “ठिणगीचं सांग.”

आणि संग्रामरावांनी सांगितलं. कारकुनाला नवा हुकूम येतो, की थंडीने गोठलेल्या एका घरात एक ठिणगी पोचवायची आहे. अगदी एवढीशी, करंगळीच्या नखाएवढी. वाऱ्याने विझेल, घट्ट झाकली तर गुदमरेल. ती नेणार कोण? तेव्हा त्याला भेटतो ठिणगीराखा. उंच, मिशाळ, हातात बादली. जन्मभर याचं काम ठिणग्या विझवण्याचं. आणि आता याच्याच हातात एक ठिणगी देतात आणि सांगतात, ही जगव. तो भितो. बगळा त्याची टर उडवतो. तो बादलीतलं पाणी ओतून टाकतो, तळाशी राख पसरतो, राखेवर ठिणगी ठेवतो, आणि चालतो. रोज चालतो. रोज संध्याकाळी मेंग शेजारच्या खऱ्या बादलीत वाकून बघायचा आणि म्हणायचा, “स्टिल रेड.”

“मिशाळ,” शर्वाणी म्हणाली. “बादलीवाला.”

“हो.”

“बाबा, दॅट्स यू.”

“काहीतरीच काय! मिशा कोणाला नसतात?” संग्रामराव म्हणाले. पण त्यांचा हात मिशीकडे गेला.

अब्रा पलीकडे लागली. माणसं उतरली. उर्मिलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिल्या. “मला नको आज केशर,” त्या अब्रावाल्याला हिंदीत म्हणाल्या. “वापस चलो.”

“नदी सापडली, पाय धुतले, ते मेंगने कधी सांगितलं?” शर्वाणीने विचारलं. “डू यू रिमेम्बर?”

ते आठवायची गरजच नव्हती. कारकुनाने पाय धुतले त्याच संध्याकाळी संग्रामराव कॅम्पात पोचले, तर फोरमन चिठ्ठी घेऊन उभा होता. सांगलीहून मेव्हण्याचा फोन आला होता. सातव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन एक किलो दोनशे. काचेच्या पेटीत ठेवली आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत. संग्रामरावांनी रजा मागितली, तर प्लांट सुरू व्हायला महिना उरला होता, कोणालाच रजा नव्हती. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले ते डोळ्यांत प्राण नसल्यासारखे. काय झालं, असं मेंगने विचारलं. त्यांनी दोन तळहात जवळ आणून दाखवलं, एवढी. आणि मग पेटी दाखवली. संध्याकाळी ते म्हणाले, आज गोष्ट नको. मेंगने ऐकलं नाही. खडू काढला आणि पत्र्यावर एक ठिपका दिला.

“आणि संपवली कधी?”

“संपवली कुठे? तेच तर दुखतंय ना.” संग्रामरावांना जुना राग पुन्हा आठवला. “चालता चालता ते घर आलं. मेंगने दार काढलं. ठिणगीराख्याने बादली खाली ठेवली, दार वाजवलं, आणि, टण्ण! मेंग ‘टुमारो’ म्हणालाच नाही. ‘खलास’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी काम झाल्याबरोबर पाचच्या बसने निघून गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही. आठवड्याने त्यांची गँग दुसऱ्या साइटवर गेली. मी काय केलं होतं त्याचं? उलट त्या दिवशी मी त्याला शिरा खिलवला होता. मेसच्या कुककडून मुद्दाम करून घेतला होता, तू दवाखान्यातून घरी आलीस म्हणून. त्याने बोटं चाटून खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून ओळख नाही! मलाही राग आला. मी जाताना त्याला भेटलोसुद्धा नाही.”

“होळी होती,” उर्मिलाबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. “तुला घरी आणलं तेव्हा. गल्लीत होळी पेटलेली. तुला धूर लागू नये म्हणून रिक्षा पार स्टँडकडून फिरवून आणली. चौतीस दिवस झाले होते.”

अब्रा खाडीच्या मध्यावर होती. शेजारून दुसरी अब्रा गेली, तिच्या लाटेने ही जराशी झुलली.

संग्रामरावांच्या डोक्यात ते सगळं पहिल्यांदाच एका ओळीत उभं राहिलं. पाय धुतले त्या दिवशी पुस्तक संपलं होतं. मेंगला ते माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी तो पाचची बस सोडून खाली बसला, आणि जी गोष्ट नव्हतीच ती चौतीस दिवस सांगत राहिला. रोज बादलीत वाकून बघत राहिला. पोर घरी आली, शिरा खाल्ला, आणि तो उठला. अर्धा तास संपला की उठायचंच असतं.

“तो माझ्यावर वॉच ठेवून बसला होता गं,” संग्रामराव म्हणाले. “मला वाटायचं, ड्यूटीवर मी आहे.”

आणि मग ते रडले. भर अब्रात, सात-आठ अनोळखी माणसांसमोर, साठ वर्षांचा बाप्या हमसून हमसून रडला. “पंचवीस वर्षं मी त्या माणसावर रुसून बसलो. साधं थँक यू नाही म्हणालो. त्याचं पूर्ण नावसुद्धा मला माहीत नाही.” उर्मिलाबाईंनी पिशवीतून रुमाल काढून दिला. शेजारच्या पठाणाने आदबीने मान दुसरीकडे वळवली.

मग शर्वाणीने विचारलं, “दार वाजवल्यावर काय झालं?”

“मेंगने सांगितलं नाही.”

“तू सांग.”

संग्रामरावांनी नाक पुसलं. इतकी वर्षं ते दार त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं. आता डोळे मिटून त्यांनी ते ढकललं. “दार उघडलं,” ते सावकाश म्हणाले. “आत एक बाई जागीच होती. तिने ठिणगी उचलून घेतली.”

“चौतीस रात्री जागी होती ती,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “तेही घाला गोष्टीत.”

“चौतीस रात्री जागी होती. तिने ठिणगी चुलीत ठेवली, फुंकर घातली. ठिणगी पेटली. घर उबदार झालं. ठिणगी मोठी झाली, शाळेत गेली, इंग्रजी बोलायला लागली.”

“अँड ठिणगीराखा?”

“तो बाहेर.”

“का?”

“त्याची ड्यूटी बाहेर होती. घर गरम ठेवायचं तर लाकूडफाटा लांबून आणावा लागतो. तो यायचा, दाराशी मोळी टाकायचा, फटीतून आतला उजेड बघायचा आणि पुन्हा जायचा.”

“किती वर्षं?”

“अशीच, पंचवीस.”

काठ जवळ येत होता. देवळाच्या बाजूचे दिवे पाण्यात लांब लांब पसरले होते. शर्वाणीने वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती बोलली ते निव्वळ मराठीत, अगदी हळू, लहान मूल गोष्टीच्या मध्येच हट्ट धरतं तसं.

“मग आता त्याला आत बोलव ना, बाबा. फटीतून कशाला बघतोय तो? दार उघडंच आहे.”

संग्रामरावांनी तिचा हात हातात घेतला आणि अब्रा धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही.